म्हणींतील जन्म आणि कर्म : पालि वाङ्मयाच्या प्रकाशात एक चिकित्सा

म्हण म्हणजे लोकांच्या अनुभवाचे सार, हे विधान आपल्याकडे शालेय व्याकरणाच्या पुस्तकांपासून विद्वज्जनांच्या व्याख्यानांपर्यंत इतक्या वेळा केले गेले आहे की तेच आता एक म्हण होऊन बसले आहे. 'लोकांच्या' म्हणजे नेमक्या कोणत्या लोकांच्या, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. गावच्या चावडीवर बसणारेही लोक आणि चावडीच्या पायरीशी उभे राहणारेही लोकच. दोघांचा अनुभव एक नव्हता. मग दोघांच्या अनुभवाचे एकच सार कसे निघाले, आणि निघाले असल्यास ते कोणी काढले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मराठी म्हणींच्या संग्रहाची परंपरा लहान नाही. रेव्हरंड ए. मॅनवेअरिंग या मिशनऱ्याने जमविलेल्या मराठी म्हणी इंग्रजी भाषांतरासह १८९९ साली ऑक्सफर्ड येथून प्रसिद्ध झाल्या. १९०८ साली हर्बर्ट रिस्ले याने भारतीय लोकांवरील आपल्या ग्रंथात जातिविषयक म्हणींना एक स्वतंत्र प्रकरणच दिले. त्यानंतर य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' १९४२ आणि १९४७ साली दोन विभागांत निघाला. या मंडळींचे परिश्रम मोठे आहेत आणि त्यांच्या ऋणाशिवाय हा लेखही लिहिता आला नसता. परंतु संग्रहाच्या पद्धतीतच एक उणीव राहते. संग्रहात म्हण येते, तिचा अर्थ येतो; ती कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हटली हे येत नाही. रिस्ले तर जातींविषयीच्या म्हणींना त्या जातींच्या स्वभावाची साक्ष म्हणून वाचतो. वस्तुतः ज्या जातीविषयी म्हण आहे तिची साक्ष त्या म्हणीत फारशी नसतेच. असते ती म्हण रचणाऱ्याची. 'बळी तो कान पिळी' ही म्हण घ्या. कान पिळणाऱ्याच्या तोंडी ती दर्पोक्ती आहे, ज्याचा कान पिळला गेला त्याच्या तोंडी ते गाऱ्हाणे आहे, आणि कोशात ती या दोहोंपैकी काहीच नाही.

'म्हण' हा शब्द 'म्हणणे' या क्रियापदाचा, आणि 'म्हणणे' हे पालीतील 'भणति' या क्रियापदाच्या कुळातले. म्हणजे जे नुसते म्हटले जाते ते. कोणी म्हटले याची चौकशी न होता जे चालत राहते, त्याला पालीत फार नेमका शब्द आहे : 'इतिकिरा'. 'इति किर', असे म्हणतात बुवा. केसपुत्त नगरीच्या कालामांना भगवंतांनी ज्या दहा गोष्टींच्या भरवशावर कोणतेही मत स्वीकारू नये असे सांगितले, त्यांत अनुस्सव आणि परंपरा यांच्या पाठोपाठ ही इतिकिरा येते. अंगुत्तर निकायातील हे सुत्त आपल्या वाचकांच्या परिचयाचे आहे. धर्मग्रंथांच्या प्रामाण्याविरुद्ध ते आपण नेहमी उद्धृत करतो. परंतु ग्रंथ न वाचणाऱ्या समाजात ग्रंथाचे काम म्हण करते, ही गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. मनुस्मृती वाचलेला माणूस खेड्यात शोधून सापडला नसता. 'पायीची वहाण पायीच बरी' ही म्हण मात्र न शिकविता सर्वांना येत होती.

आता काही म्हणी जवळून पाहू. पहिली अर्थातच 'गाव तेथे महारवाडा'. हिचा रूढ अर्थ असा सांगितला जातो की, जेथे चांगले आहे तेथे काहीतरी वाईट असावयाचेच. म्हणीच्या शब्दांत हा अर्थ कोठेही नाही. शब्द एवढेच सांगतात की महारवाड्यावाचून गाव नाही. आणि हे ऐतिहासिक सत्य आहे. वेशीची राखण वेसकर महार करी. सरकारी वसूल ठाण्यापर्यंत पोचविणे, गावचा निरोप परगावी नेणे, आल्यागेल्या अंमलदाराची सरबराई, मेलेले जनावर ओढून नेणे ही सारी कामे त्याची. दोन गावांच्या शिवेचा तंटा पडला तर महाराची साक्ष प्रमाण मानली जाई. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला. त्यांची दृष्टी आमची नव्हे. तरी त्या गाड्याला महारावाचून चाक नव्हते हे त्यांच्या वर्णनातूनही लपत नाही. ज्याच्यावाचून गाव उभे राहत नाही, त्यालाच गावाचा डाग ठरविणारा अर्थ म्हणीला चिकटला तो कसा? आमच्या मते येथे दोन म्हणी आहेत. एक शब्दांची, दुसरी अर्थाची. शब्दांची म्हण अवलंबन कबूल करते, आणि अर्थाची म्हण तो कबुलीजबाब मागे घेते.

हा अर्थ केवळ भाषेत राहिला असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु गावाला महार हवा आणि तो वेशीबाहेरच हवा, या दोन्ही गोष्टी एकत्र बांधून ठेवणारी संस्था म्हणजे महार वतन होय. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले, तेव्हा या बांधणीवरच घाव घातला होता. थोड्या जमिनीच्या आणि बलुत्याच्या मोबदल्यात अहोरात्र राबविणारी ही चाकरी कनिष्ठ गाववतने नष्ट करणाऱ्या १९५८ च्या कायद्याने संपली. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला तो २०२० साली. म्हणजे वतन गेल्यावर नाव जाण्याचा निर्णय होण्यास सहा दशके लागली. म्हण तर त्याहूनही चिवट असते. तिला ना सातबारा असतो, ना पाटी.

दुसरी म्हण 'चांभाराच्या देवाला खेटराची पूजा'. ज्याची जशी योग्यता तसा त्याचा मान, अशा अर्थाने ती वापरतात आणि ऐकणारे हसतात. या हसण्याचे कारण काय असावे, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. खंडेनवमीला सुतार आपल्या वाकसा-रंध्याची पूजा करतो, लोहार ऐरणीची, शेतकरी नांगराची. लक्ष्मीपूजनाला व्यापारी वह्यांना हळदकुंकू वाहतो. आपल्या कामाच्या वस्तूने देव पुजण्याची रीत ही येथल्या कारागीर समाजाची सर्वसाधारण रीत आहे. वाण्याने चोपडी पुजली तर ते पावित्र्य आणि चांभाराने जोडा वाहिला तर तो विनोद, याचा उलगडा चामड्याचा विटाळ मानल्याशिवाय होत नाही. म्हणजे म्हण समजण्यासाठी आधी विटाळ समजावा लागतो, आणि म्हण ऐकून हसणारे पोर नकळत विटाळ शिकते. शाळेत 'अस्पृश्यता हे पाप आहे' असा धडा वाचून, पुढच्याच तासाला हीच म्हण वाक्यात उपयोग करण्यासाठी द्यावी, असे जर घडत असेल तर त्या धड्याचा उपयोग तो काय?

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते, व ते अगदीच टाकाऊ नाही. म्हणींनी कोणालाच सोडलेले नाही, असे हे उत्तर. 'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी' असे म्हणतातच. 'बाजारात तुरी, भट भटणीला मारी' असेही म्हणतात. सोनार, शिंपी आणि कुलकर्णी यांची संगत नको असे सांगणारी म्हणही आहे. तेव्हा हा सर्वांनी सर्वांची केलेली थट्टा आहे, तिला जातिद्वेषाचा रंग देऊ नये, असा युक्तिवाद. वरवर पाहता तो पटण्यासारखा वाटतो. परंतु थट्टा कशाची होते आहे ते पाहावे. भटाच्या म्हणीत थट्टा आहे ती हावरेपणाची किंवा अविचाराची, म्हणजे वर्तनाची. भटाने हातपाय पसरले नाहीत तर म्हण त्याला लागू पडत नाही. कुलकर्ण्याच्या म्हणीत त्याच्या लेखणीचा धाक आहे. ज्याच्या हाती कागद त्याला भिणाऱ्याची ती म्हण आहे. चांभाराच्या म्हणीत मात्र चांभाराने काहीच केलेले नाही. तो आपल्या देवाची पूजा करीत आहे, एवढेच. त्याने कसेही वागावे, म्हण त्याला सोडीत नाही. कृतीची थट्टा आणि जन्माची थट्टा एका पारड्यात घालता येत नाही.

जन्म माणसाला सोडीत नाही, हा विचार जेथे जातीचे नावही नाही अशा म्हणींत अधिक खोल गेलेला दिसतो. 'खाण तशी माती', 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही', कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, कडू कारले तुपात तळले आणि साखरेत घोळले तरी कडूच. माणसाला खनिज, जनावर आणि फळ यांच्या मालिकेत बसवून त्याच्यात बदल अशक्य ठरविण्याची ही एक युक्ती आहे. वासेट्ठसुत्तात भगवंतांनी याच युक्तीवर बोट ठेवले आहे. गवत, वृक्ष, कीटक, मुंग्या, चतुष्पाद, सर्प, मासे, पक्षी अशी एकेक जात घेऊन ते दाखवितात की यांच्यात जन्माने पडणारी भिन्न लक्षणे आहेत. मग केसांपासून नखांपर्यंत मनुष्याचे अवयव मोजून सांगतात की मनुष्यामनुष्यांत तशी लक्षणे नाहीत. मनुष्यांतील भेद हा व्यवहारातल्या नावाचा भेद होय. धर्मानंद कोसंबी यांच्या मराठी सुत्तनिपातात हे सुत्त वाचकांनी अवश्य पाहावे. कारले कारल्याच्या जातीचे असते हे खरे. मनुष्याला कारल्याची उपमा देणेच चुकीचे, असा या सुत्ताचा रोख आहे. अंगुलिमालाची खोड जित्यापणीच गेली. वाळलेली फुले टाकण्याचे काम करून पोट भरणारा सुनीत थेर झाला आणि त्याच्या गाथा थेरगाथेत राहिल्या. शाक्य राजपुत्र प्रव्रज्येला निघाले तेव्हा त्यांनी उपालि न्हाव्याला आपल्याआधी प्रव्रजित करावे अशी विनंती केली, की ज्यायोगे आपल्याला त्याला वंदन करावे लागेल आणि शाक्यकुलाचा ताठा उतरेल. 'पायीची वहाण' या म्हणीला याहून थेट उत्तर आम्हांस ठाऊक नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे अवश्य आहे, कारण आमच्याच वर्तुळातील लेखनात ती झाकली जाते. पालि वाङ्मय सारे एकाच सुरात बोलत नाही. जातककथांत लोककथांचा आणि लोकोक्तींचा मोठा साठा शिरलेला आहे, आणि त्याबरोबर लोकांचे पूर्वग्रहही आले आहेत. सीहकोत्थुक जातकात सिंहाला कोल्हीपासून झालेला छावा दिसतो सिंहासारखा, पण तोंड उघडताच कोल्ह्याचा आवाज निघतो, आणि बाप त्याला गप्प राहण्याचा सल्ला देतो. ही 'खाण तशी माती'च नव्हे तर काय? मातंग जातकात चांडाळ दृष्टीस पडला म्हणून श्रेष्ठिकन्या सुगंधी पाण्याने डोळे धुते. कथेचा नायक तो चांडाळच आहे आणि तो बोधिसत्त्व आहे हे खरे, परंतु त्या काळच्या समाजाचे चित्र त्यातून सुटत नाही. उलट सेतकेतु जातकात चांडाळाला 'वाऱ्याच्या खालच्या बाजूने जा' म्हणणाऱ्या ब्राह्मण विद्यार्थ्याला त्याच चांडाळाच्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, आणि त्याच्या पायांखालून जावे लागते. तेव्हा जातकातील प्रत्येक वचन बुद्धवचन मानून शिरोधार्य करणे हीसुद्धा इतिकिराच. निकायांतील विचाराच्या कसोटीवर जातके तपासली पाहिजेत. जातकांवरून निकाय समजावून घेण्याची घाई करू नये.

'ज्याच्या हाती ससा तो पारधी' ही म्हण आम्हांस फार विचार करावयास लावते. यश ज्याच्या पदरात पडले त्याचेच नाव होते, अशा अर्थाने ती आज चालते आणि त्यात थोडा उपरोधही असतो. परंतु शब्द पाहिले तर मराठी म्हणींच्या या गर्दीत ती एकटीच उलट्या दिशेने तोंड करून उभी आहे. पारधी कोण? पारध्याच्या पोटी जन्मला तो नव्हे; ज्याच्या हाती ससा आहे तो. वासेट्ठसुत्तात हीच रीत लावली आहे. जो गोरक्षणावर जगतो तो शेतकरी, जो शिल्पावर जगतो तो कारागीर, व्यापारावर जगतो तो वाणी, चोरीवर जगतो तो चोर. यांपैकी कोणीही केवळ जन्माने ब्राह्मण नव्हे. नाव कामावरून पडते, आणि काम सुटले की नाव सुटते. या म्हणीच्या शब्दांतील न्याय समाजाने पाळला असता तर काय झाले असते? घडले ते नेमके उलट. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत आली, आणि इतर जमातींबरोबर फासेपारध्यांवरही जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, परंतु गावात चोरी झाली की प्रथम पारध्यांच्या पालावर जाण्याची सवय कायद्याबरोबर रद्द झाली नाही. ज्याच्या हाती काहीच नाही तोही चोर, असे ठरविणाऱ्या समाजाच्या तोंडी ही म्हण आहे, हे विसरता येत नाही.

कर्म या शब्दाचे जे झाले तेही म्हणींतच पाहावयास मिळते. 'पेरावे तसे उगवते' आणि 'करावे तसे भरावे' या म्हणींत कर्माचा जुना, सरळ अर्थ शाबूत आहे. पेरणीची ही उपमा संयुत्त निकायातही आहे. शेतकऱ्याला ती कोणी शिकवावी लागली नसेल. परंतु नित्याच्या बोलण्यात 'कर्म माझे' म्हणून कपाळाला हात लावतात, तेव्हा कर्म म्हणजे आपण केलेले काही नसून आपल्यावर कोसळलेले काहीतरी असते. चेतना म्हणजेच कर्म अशी व्याख्या ज्या परंपरेने केली, तिच्यातला शब्द येथे दैवाचा समानार्थी झाला. 'दैव देते आणि कर्म नेते' या म्हणीत दोन्ही शब्द शेजारी शेजारी बसले आहेत, आणि तीत कर्माकडे फक्त नेण्याचे काम आले आहे. देण्याचे श्रेय दैवाचे. मनुष्याला जे सुखदुःख होते ते सर्व पूर्वकृत कर्मामुळेच होते, हे मत भगवंतांनी अंगुत्तर निकायात नाकारले आहे. तसे मानले तर कर्तव्य-अकर्तव्याचा विचार आणि प्रयत्नच उरत नाही, असा त्यांचा आक्षेप आहे. मज्झिम निकायातील देवदहसुत्तातही याच मताची तपासणी आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्ताची जी कठोर छाननी केली, तिच्यामागे या निकायांचे बळ आहे. ज्याला जन्मापासून वेशीबाहेर ठेवले त्याने 'कर्म माझे' म्हणावे, यासारखी ठेवणाऱ्याची सोय दुसरी नाही.

काही म्हणी वाचताना पालीचा अभ्यासक चमकून थांबतो, हेही नमूद केले पाहिजे. 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही त्यांतली एक. धम्मपदाच्या चित्तवग्गात असा विचार आला आहे की, वैरी वैऱ्याचे जेवढे वाईट करील त्याहून अधिक वाईट चुकीच्या मार्गाला लागलेले चित्त स्वतःचे करते. 'वैरी' हा शब्दही दोन्हीकडे आहे. परंतु एवढ्यावरून ही म्हण धम्मपदातून आली असे म्हणण्याचा मोह आम्ही आवरतो. म्हणीचा रोख चिंतेने ग्रासलेल्या मनावर आहे : घरचे माणूस वेळेवर परतले नाही की आई नाही नाही त्या शंका घेते, तेव्हा ती म्हटली जाते. गाथेचा रोख चित्ताच्या शिस्तीवर आहे. साम्य आहे, वंशावळ सिद्ध होत नाही. अलीकडे मराठीतील प्रत्येक चांगली म्हण म्हणजे बौद्ध अवशेष असे सांगण्याची जी चढाओढ दिसते, ती आम्हांस रुचत नाही. चांगले ते सारे आपले आणि वाईट ते सारे परक्यांचे, यालाच मराठीत 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचा तो कारटा' म्हणतात.

मग या म्हणींचे करावयाचे काय? काही जण म्हणतात, कोशांतून काढून टाकाव्यात. आम्ही या मताचे नाही. कोशातून म्हण गेली तर अन्यायाचा पुरावा जाईल आणि तोंडातली म्हण तशीच राहील. कोशकारांनी मात्र अर्थाबरोबर म्हणीचा प्रसंग आणि बोलणाऱ्याचे स्थान नोंदवावे. 'गाव तेथे महारवाडा' या म्हणीपुढे तिचा रूढ अर्थ देताना वतनाची व्यवस्था सांगावी. पाठ्यपुस्तकांत वाक्यात उपयोगासाठी हजारो म्हणी उपलब्ध असताना जन्माची थट्टा करणारीच निवडण्याचे कारण नाही. आणि आपल्या घरांतही या म्हणी बोलल्या जातात, हे मान्य करावे. ज्यांच्या आजोबांनी १९५६ साली नागपुरात दीक्षा घेतली, त्यांच्याही तोंडून 'खाण तशी माती' सहज निघून जाते, आणि बहुधा स्वतःच्याच मुलाविषयी.

विहारांतील रविवारच्या बालवर्गांसाठी आम्ही एक पद्धत सुचवितो. ती आमची नव्हे, वसलसुत्तातली आहे. सावत्थीत भिक्षेसाठी फिरणाऱ्या भगवंतांना पाहून अग्गिक भारद्वाज ब्राह्मणाने त्यांना 'वसल' म्हणून हिणविले आणि तेथेच थांबावयास सांगितले. तो शब्द त्याच्या ओठांवर तयारच होता, म्हणीसारखा. भगवंत थांबले. रागावले नाहीत, आणि निघूनही गेले नाहीत. त्यांनी प्रथम एवढेच विचारले की, ब्राह्मणा, वसल म्हणजे काय आणि मनुष्य कशाने वसल होतो, हे तुला ठाऊक आहे काय? भारद्वाजाने प्रामाणिकपणे सांगितले की ठाऊक नाही, आणि तो ऐकावयास बसला.